दुसरीच्या वर्गाची भीती

ती. मावशी,

तुला साष्टांग नमस्कार. (हा नुसता लिहायचा नमस्कार नाही. मी खरंच जमिनीवर पालथी पडून लिहितेय. खुर्चीत बसलं की माझे पाय हलतात, पाय हलले की टेबल हलतं आणि मग अक्षर बघून तू आईला फोन करशील.) गुडघा कसा आहे? शिलाई मशीन पायाने मारू नका म्हणणाऱ्या डॉक्टरांना तू त्यांच्याच कोटाची उसवलेली शिवण दाखवून गप्प केलंस, ते आई अजून येईल त्याला सांगते. काकांचा खोकला? दुकानातली मांजर? सगळ्यांची खुशाली कळव. माझी विचारू नकोस, सांगतेच आहे.

नोकरी लागली तेव्हा तू फोनवर म्हणालीस, ‘पोरांना काय घाबरायचं, कमरेएवढी तर असतात!’ मावशी, असतात कमरेएवढी. पण ती वर बघतात. अख्खा वर्ग एकदम वर बघतो आणि तू पुढे काय करणार याची वाट बघतो. आणि तुला माहीत नसतं. (तुला म्हणजे मला. तुला सगळं माहीत असतं.)

तर झालं असं. आमच्या प्राथमिक शाळेत भाषा-गणिताचे वर्गशिक्षक वेगळे आणि ‘विशेष विषयां’चे आम्ही वेगळे: संगीताचे सर, चित्रकलेच्या बाई, खेळाचे सर आणि यंदापासून नाटकाची मी. मी तात्पुरती. सत्राच्या शेवटी पालकांसमोर मुलांनी करून दाखवायचं, ते संस्थेच्या अध्यक्षांनी बघायचं, आवडलं तर मी पक्की, नाहीतर नमस्कार. सत्राच्या सुरुवातीला घरोघरी एक पत्रक जातं, तुमचं मूल यंदा काय शिकणार म्हणून. संगीताच्या सरांनी लिहिलं, ‘दुसरी: ताल धरणे, टाळी वाजवणे, थांबणे.’ (थांबणे अजून कुणालाच आलेलं नाही.) चित्रकलेच्या बाईंनी लिहिलं, ‘रंग मिसळणे.’ (सगळे मिसळतात. सगळ्यांचा चिखल होतो.) खेळाच्या सरांनी एका पायावर तोल सांभाळणे. मी माझा कागद घेऊन मोठ्या बाईंच्या दाराबाहेर उभी. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. उंचीने माझ्या खांद्याला लागतात, पण त्या समोर आल्या की माझाच खांदा खाली जातो. शिपाईकाका म्हणतायत, लिहा लवकर, छापायला जायचंय. पहिलीला प्राण्यांच्या चाली लिहिल्या. तिसरीला आवाज न करता भांडणे. दुसरीशी पेन अडलं. तेवढ्यात आत मोठ्या बाईंची खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि त्या क्षणी माझ्या पोटात जे होतं तेच हाताने कागदावर लिहिलं: ‘भीती.’

छापलं. घरोघरी गेलं. ‘दुसरी, नाटक: भीती.’

आता शिकवावी तर लागणार. पहिल्या तासाला म्हटलं, घाबरा. हसली. म्हटलं, समोर सिंह आलाय. एकाने त्याला हात पुढे करून बसायला सांगितलं आणि दुसरा त्याच्यावर बसला. पडदे ओढून अंधार केला, तर एवढा आनंदीआनंद की शेजारच्या वर्गातून तक्रार आली. भूत म्हटलं, तर भूत कुठल्या इयत्तेत आहे यावर चर्चा. मग माझं कॉलेजमधलं शहाणपण जागं झालं. (तू म्हणायचीस ना, हिला शिकवून वाया घालवली.) मी म्हटलं, निरीक्षण! खरंखुरं घाबरलेलं एक माणूस शोधा, नीट बघा आणि पुढच्या तासाला करून दाखवा.

पुढच्या तासाला सगळ्यात आधी खिडकी आली. (हिचे पुढचे दोन दात पडलेत, म्हणून सगळे खिडकी म्हणतात, तिलाही आवडतं.) ती एका नसलेल्या दारासमोर उभी राहिली. टकटक करायला हात उचलला, खाली घेतला. तळहातावर फुंकर मारून तोंडाचा वास घेतला. दारावरची पाटी वाचली. ओठातल्या ओठात काहीतरी पाठ केलं. वळून चालू लागली, परत आली. मी भारावले गं! म्हटलं, वा, कोण हे? खिडकी म्हणाली, ‘तुम्ही.’

दुसरा आला. मीच. जिन्यात मुलं मोजणारी आणि एक जास्त भरल्यावर पांढरी पडणारी मी. तिसरी आली. संगीताच्या सरांनी ढोल बडवला की फळ्याला चिकटणारी मी. मावशी, एकामागून एक अख्खा वर्ग मी झाला. मी विचारलं, अरे, घरी कुणी घाबरलेलं नाही मिळालं? तर म्हणे, ‘बाई, तुम्ही सोप्या आहात.’

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे पत्र खुर्चीत बसून लिहिलं असतं. शेवटी मागच्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी उठली. तिने मला केलं नाही. ती ताठ चालत आली, बसली, फोन वाजल्यासारखी दचकली. पाण्याचा घोट घेतला आणि गाल फुगवून तो तसाच धरून ठेवला. फोन उचलला. मग तो घोट गिळला. म्हणाली, ‘हो साहेब. होईल साहेब. नाही साहेब, मीच बघते.’ फोन ठेवला आणि मग हात मागे वळवून स्वतःच स्वतःची पाठ थोपटली. वर्गात चिडीचूप. (थांबणे. संगीताच्या सरांना सांगायला हवं, आलं म्हणून.) कुणीतरी हळूच विचारलं, ही पण आपल्या बाईच का? ती म्हणाली, ‘नाही. ही आमची आजी. अध्यक्षांचा फोन आला की अशी करते.’

तिची आजी म्हणजे मोठ्या बाई. ही त्यांची नात आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता तूच बघ माझी दशा. येत्या शुक्रवारी हे सगळं पहिल्या रांगेत बसलेल्या मोठ्या बाईंसमोर आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या अध्यक्षांसमोर होणार. ठेवावं तर नोकरी गेली. काढावं, तर ती पोर तास संपल्यावर माझ्याजवळ आली आणि म्हणाली, ‘माझं चुकलं का?’ मी म्हटलं, नाही गं, तुझंच सगळ्यात बरोबर आलं. आता तिला काय सांगू? बरोबर आलं, म्हणून नको? म्हणून ठरवलं, आधीच जाऊन मोठ्या बाईंना सांगून टाकायचं. गेले. दारासमोर उभी राहिले. हात उचलला, खाली घेतला, पाटी वाचली. मागून दुसरीची रांग मैदानाकडे चालली होती, त्यातून खिडकीचा आवाज आला, ‘बघा बघा, खरं करतायत!’ मी परत आले.

बाकी सर्व ठीक. माझी काळजी करू नये. ती मी स्वतः भरपूर करतेय. काकांना नमस्कार, मांजरीला हात फिरव.

तुझी (शुक्रवारपर्यंत तरी नोकरीतली) भाची

ता. क. दुकानात काजं-बटणं करायला माणूस हवंय का? सहज विचारलं.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तेवढ्यात हे घडलं म्हणून लिहिते. आज तालमीला मोठ्या बाई न सांगता आल्या आणि दारातून बघत राहिल्या. नात अगदी रंगात. फोन, पाणी, होईल साहेब, सगळं. मी फळ्याला चिकटले. बाई पुढे आल्या आणि तिला म्हणाल्या, ‘एवढं पाणी नाही घेत मी. आणि पाठ कोण थोपटतं?’ ती म्हणाली, ‘तूच.’ बाई माझ्याकडे वळल्या. मग मला म्हणाल्या, ‘ठेवा. पण मी त्या दिवशी समोर नाही बसणार. तुमच्याबरोबर पडद्यामागे उभी राहीन.’ आवाज, मावशी, तोच. होईल साहेबवाला.

ता. क. ३. म्हणजे अध्यक्षांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहणार. ज्यासाठी एवढं रामायण लिहिलं ते आता लिहिते: तू ये आणि त्या खुर्चीत बस. कुणी विचारलंच तर एक डॉक्टर तू गप्प केलायस, अध्यक्ष काय चीज आहेत. पोर फोन ठेवून पाठ थोपटेल, तेव्हा हा फोन कुणाचा होता हे त्यांना कळायला जरा वेळ लागेल. तेवढ्यात तू हस. दुकानात हसतेस आणि कपाटावरचे तागे घसरतात, तसं. तू हसलीस की हॉल हसेल, हॉल हसला की त्यांनाही हसावं लागेल.

ता. क. ४. काजं-बटणांचं रद्द समजू नकोस. जागा दोघींची ठेव. मोठ्या बाईंना काजं येतात, मी तालमीनंतर विचारून घेतलंय.