उतारावरची धाव

नगर, मार्च १९४८

मामंजी,

नमस्कार लिवत न्हाई. तो तुमच्या उंबऱ्यातच ऱ्हायला.

काल भावानं मला तंबूतल्या शिनेमाला नेलं. आधी परदेशातल्या शर्यतीची बातमी दाखवली. बाया पायाला लांब फळ्या बांधून बर्फाच्या डोंगरावरनं वाऱ्यागत खाली सुटल्या हुत्या. एक धाडकन आपटली, पन तिला कुनी हसलं न्हाई. खाली उभे गडी टाळ्या वाजवत हुते.

टेकडीवर तुमच्या कारभारनीला, आत्याबाईंना, नाग डसला, तवा मीबी तशीच सुटले हुते. डोईवरचा पदर उडाला आन चावडीपुढं पायतानं हातात घ्यायची ऱ्हायली. वैद्याला घेऊन आले, म्हनून त्या वाचल्या. तुमी मात्र, "पाटलाची सून चावडीपुढनं पायतानं घालून पळाली," म्हनून मला माहेरी धाडलंत. तुमचा ल्योक खाली मान घालून बैल जुपत हुता.

हे पत्र टाकनार न्हाई. तुमी ते चावडीत वाचून घ्याल आन राग आत्याबाईंवर काढाल.

पन त्या रोज तुमच्या ताटात भाकरी वाढतात, ती माझ्या त्या धावन्याची हाय. गोड लागते का हो?

तुमची कुनीच नसलेली,
चांगुणा