रेखाकाकूंच्या अक्षरातला डबा

अल्फारेटा, अमेरिका,
रविवार दुपार

प्रिय आप्पा,

ज्या माणसानं परक्या देशात आपल्याला स्वतःच्या पानाशेजारी पान मांडून दिलं, त्याचंच चुकतंय हे आपल्या लक्षात आलं, तर आधी त्याचा मान सांभाळायचा की बाकीच्यांचा जीव? वाचताना किती सोपं वाटतं. शाळेतली मुलगीही उत्तर देईल. मला मात्र ते अजून नीट देता येत नाही, आणि फोनवर तुम्हाला विचारायचं धाडस होत नाही. फोनवर तुम्ही “बरी आहेस ना? जेवलीस ना?” एवढं विचारता आणि फोन आईच्या हातात देता. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं तर आई ते शेजारच्या मावशींना मोठ्यानं वाचून दाखवते. म्हणून हे टपालानं पाठवतेय. पोचायला पंधरा दिवस लागतील, लागू देत. एकट्यानं वाचा.

मी हेमचंद्र काकांच्या घरात बेसमेंटमध्ये राहते, हे तुम्हाला माहीत आहे. काका मूळचे नागपूरचे, मेकॅनिकल इंजिनिअर, वय अठ्ठ्याहत्तर. मी यायच्या सहा महिने आधी रेखाकाकू गेल्या. पाच बेडरूमच्या घरात आम्ही दोन माणसं. इथं रस्त्यावर चालणारं कोणी नसतं. गॅरेजचं दार उघडतं, गाडी निघते, दार बंद होतं. आठवड्यातले तीन दिवस मी घरूनच काम करते. हॉस्पिटलांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. दिवसभर हेडफोनमधले आवाज सोडले तर माझ्याशी बोलणारे काका एकटेच. संध्याकाळी वरण-भात ते करायचे, भाजी मी. पहिला घास घेतला की रोज विचारायचे, “रेणू, तुमच्याकडे भाजीत मिरची घालतात की मिरचीत भाजी?” मी म्हणायची, “काका, तुम्ही रोज दोनदा वाढून घेता.” यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, “अगं, सहनशक्ती वाढवतोय.”

गेले चार दिवस ते वर एकटे जेवतात आणि मी खाली. वरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला की कळतं, जेवण झालं.

आप्पा, एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली. काकांच्या गॅरेजमध्ये एका बाजूला गाडी असते आणि दुसऱ्या बाजूला एक लांब लाकडी टेबल. त्या टेबलावर ते काडतुसं भरतात. हो, काडतुसं. दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या ज्या खात्यात तुम्ही एकोणतीस वर्षं काढलीत, तेच काम, एका माणसाच्या हाताएवढं. इथं ते कायद्यानं चालतं, पुष्कळ लोक छंद म्हणून करतात. काकांकडे दुसऱ्या महायुद्धातली एक रायफल आहे, गॅरंड नावाची. त्यांचे इथले पहिले साहेब ती लढाई लढले होते. निवृत्त होताना त्यांनी ती काकांना दिली. एक गोळी सुटली की तिच्याच वायूच्या जोरावर पुढचं काडतूस आपोआप चढतं. आठांची एक लोखंडी क्लिप असते, शेवटची गोळी सुटली की ती टिंग करून बाहेर उडते. आज दुकानात मिळणारी बरीचशी काडतुसं या म्हातारीला फार जोराची पडतात, आतला दांडा वाकतो. म्हणून काका तिच्या प्रकृतीला सोसतील अशी स्वतः भरतात.

मला बंदुकांचा राग आहे, तुम्हाला माहीतच आहे. पहिल्या दिवशी मी काकांना अर्धा तास भाषण दिलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “झालं? आता जरा ही टॉर्च धर.” मी धरली. वापरलेल्या पितळी पुंगळ्या ते आधी धुऊन-पुसून घेतात, लांबी मोजतात, बुडाशी नवा प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी टोपी, बसवतात आणि त्यावरून अंगठा फिरवतात. तो केसभरही वर राहता कामा नये, नाहीतर रायफल बंद होतानाच गोळी सुटू शकते. मग प्रत्येक पुंगळीत तोललेली पावडर, म्हणजे बंदुकीची दारू. सगळ्या पुंगळ्या एका ठोकळ्यात उभ्या करतात आणि मग दुसऱ्या माणसानं टॉर्च घेऊन एकेकीत डोकावायचं. सगळीकडे पावडर सारखीच वर आलेली दिसली, तरच गोळी बसवायची. ती दुसरी नजर चाळीस वर्षं रेखाकाकूंची होती. काकू गेल्यावर माझी झाली. मला ते काम आवडायला लागलं होतं, आप्पा. तुमच्या कामाच्या इतक्या जवळ मी कधीच गेले नव्हते. तुम्ही घरी त्याबद्दल एक शब्दही बोलत नव्हतात.

टेबलावरच्या फळीवर श्रीखंडाचा एक रिकामा डबा होता. आपली माणसं कुठंही गेली तरी श्रीखंडाचा डबा टाकत नाहीत. या कामाचा पहिला नियम असा, की पावडर तिच्या मूळ डब्यातच ठेवायची. तो नियम कागदावर लिहून काकांनीच भिंतीवर लावलाय. पण कधीतरी एका मूळ डब्याचं झाकण फुटलं आणि रेखाकाकूंनी पावडर श्रीखंडाच्या डब्यात काढली. वर पांढरी पट्टी चिकटवून लिहिलं, “यांच्या रायफलची. स्वयंपाकघरात आणू नये.” पावडरीचं नाव नाही, तारीख नाही. ती पावडर केव्हाच संपली, पण डबा राहिला. गेल्या दिवाळीत गॅरेज झाडताना मी तो उघडून पाहिला होता, आत काही नव्हतं. मी टाकायला निघाले, तर काकांनी हातातून काढून घेतला आणि पट्टीवरची धूळ बोटानं पुसली.

गेल्या सोमवारी मी ऑफिसला गेले होते. मंगळवारी संध्याकाळी काकांनी मला मोठ्या कौतुकानं अठ्ठेचाळीस काडतुसं दाखवली, सहा क्लिपा भरतील एवढी. म्हणाले, “तुझ्यासाठी थांबलो नाही. रेखाच्या हातची पावडर शिल्लक होती, तीच वापरली.” आणि डबा पुढे केला. तळाशी थोडी राखाडी पावडर होती, शेवयांचा चुरा असावा तशी.

मी विचारलं, “काका, हा तर दिवाळीत रिकामा होता. यात हे कधी भरलंत?” ते म्हणाले, “भरलं कुठं? तिनंच भरलंय. अक्षर बघ ना.” मी पुन्हा विचारलं. त्यांच्याकडे दोन पावडरी असतात. एक या रायफलची आणि दुसरी एका मित्राच्या लहान रायफलसाठी आणलेली, कितीतरी भराभर जळणारी. दिसायला दोन्ही सारख्याच. पहिलीच्या मापानं दुसरी भरली तर रायफल झाडणाऱ्याच्या तोंडाशीच फुटू शकते. डब्यात यातली कोणती होती? की दोन्ही मिसळलेल्या? काकांना आठवत नव्हतं, आणि आठवत नाही हेही त्यांना कळत नव्हतं. ते संतापले. “तू काल आलीस. मी चाळीस वर्षं हे करतोय. माझ्या बायकोचं अक्षर मला कळत नाही?” अक्षर त्यांना कळत होतं. प्रश्न त्याचा नव्हताच.

आणि ही काडतुसं कशासाठी होती? येत्या शनिवारी त्यांचा मुलगा नील शार्लटहून येणार, असं ठरलं होतं. सोबत नात अनिका, सोळा वर्षांची. गेल्या महिन्यात ती फोनवर म्हणाली, “आजोबा, विल यू टीच मी?” तेव्हापासून काका एखाद्या लग्नघरासारखे वावरत होते. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, पहिली क्लिप अनिकाच्या हातून सुटणार होती, तिचा गाल त्या लाकडाला टेकलेला असताना.

मी म्हटलं, काका, ही उघडून आतली पावडर टाकून देऊ या, मी मदत करते, नवीन डबा आणू. त्यांनी खोकं कपाटात ठेवून कुलूप लावलं. मग आवाज एकदम खाली आला. “रेणू, नीलला सांगू नकोस. तो घर विकायला टपलाय. मला कुठल्यातरी होममध्ये ठेवेल. तिथं सहा वाजता उकडलेल्या भाज्या देतात गं.” ते हसले, पण माझ्याकडे बघत नव्हते. नील वाईट माणूस नाही. दर रविवारी फोन करतो, मलाही विचारतो, “बाबा ठीक आहेत ना? यू विल टेल मी, राइट?” मी दर वेळी हो म्हणते. मागे काकांच्या हातून गॅस चालू राहिला होता, हे मी सांगितलं नव्हतं. एकदा काका ओळखीच्या रस्त्यावर तासभर फिरत राहिले, तेही नाही. सांभाळून घेतलं. मी समोर होते म्हणून घेता आलं. आता टॉर्च धरायला मी नसताना अठ्ठेचाळीस काडतुसं भरून झाली होती.

मंगळवारी रात्रभर मला प्रताप काका दिसत होते. तुमच्या शेजारच्या मशीनवर बसायचे, मला पेरू आणायचे. त्यांची नजर अधू झालीय हे खात्यात एकट्या तुम्हाला माहीत होतं. पेन्शनला दोन वर्षं होती. साहेबांना कळलं असतं तर त्यांना तिथून उठवलं असतं. म्हणून तुम्ही त्यांचं काम स्वतः परत तपासत राहिलात, कोणाला न सांगता, सहा महिने. आणि ज्या दिवशी माझा दहावीचा गणिताचा पेपर होता, तुम्ही रजा घेऊन मला सायकलवर केंद्रापर्यंत सोडायला आलात, त्या दिवशी खात्यात स्फोट झाला. प्रताप काकांचा उजवा हात गेला. हे सगळं तुम्ही आईला सांगत होतात, मी आतून ऐकलं, आणि जेवायच्या वेळी पानावर बसून म्हटलं, “तुम्ही आधीच खरं बोलला असतात तर काका धड असते. तुम्ही घाबरलात.” तुम्ही भाकरी तशीच ठेवून उठलात. मी सोळा वर्षांची होते आणि मला वाटत होतं, खरं बोलायला फक्त शिक्षण लागतं.

ते शिक्षण तुम्ही मला दिलंत. आपल्या घरात पदवीचा पहिला कागद माझा, त्यावर दुसरा इथला. आणि मंगळवारी त्या दोन कागदांचा काही उपयोग झाला नाही. बोलले तर या घरातलं दुसरं माणूस मला गमवावं लागणार होतं, आणि त्या दुसऱ्या माणसाला अख्खं घर. तेव्हा कळलं, त्या सहा महिन्यांत तुम्ही रोज कामावर कसे जात असाल. तुम्ही घाबरला नव्हतात, आप्पा. तुमचा त्या माणसावर जीव होता. अकरा वर्षांनी मी त्या पानावरचं बोलणं मागे घेते. मला माफ करा. हे पत्र त्यासाठीच लिहिलं. बुधवारी सकाळी मी वर गेले, काकांच्या समोर बसले आणि म्हटलं, तुमच्या मागे नाही बोलणार, तुमच्यासमोरच बोलते. मी फोन स्पीकरवर ठेवला, नीलला लावला, आणि गॅसपासून कपाटातल्या त्या अठ्ठेचाळीस काडतुसांपर्यंत सगळं सांगितलं.

तुमचीच,
रेणू