हुंकाराच्या जागा

४ जून, बुधवार

निकाल लागला. भाषाविज्ञानात विद्यापीठात पहिली! वर्गात होतो पाचजण, पण पहिली ती पहिलीच.

आई म्हणाली, ‘छान. आता नोकरी कुठे?’ दोन्हींच्या मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही तिने. माझा प्रबंध हुंकारावर आहे, हे तिने शेजारच्या काकूंपासून लपवून ठेवलंय. ‘एवढं शिकून हं म्हणायला शिकलीस? ते म्हशीलाही येतं!’

बाजू घेतली ती वहिनीने. ‘आई, म्हशीला कुठे हं म्हणायचं ते कळत नाही. आमच्या वन्संना कळतं.’

खरं तर कळतं ते वहिनीलाच. वीज कंपनीच्या तक्रार केंद्रात ती फोन घेते. वीज गेली की लोकांची अक्कलही जाते, आणि ते सगळे हिच्या कानात येऊन ओरडतात. ती भांडत नाही, समजूतही काढत नाही. नेमक्या जागी हं म्हणते. माणूस आपोआप खाली येतो. माझा अख्खा प्रबंध तिच्या जिवावर झालाय. ती स्वयंपाकघरात माहेरी फोन करायची आणि मी तिला विचारून ओट्यावर रेकॉर्डर ठेवायचे. दादा बोटीवर, निम्मं वर्ष समुद्रात. ती माहेरी नाही बोलणार तर कुणाशी?

१९ जून, गुरुवार

सरांकडे गेले होते, पीएच.डी.चं विचारायला. चहा पाजला. म्हणाले, ‘विभागच राहतो की नाही कोण जाणे. उद्योगात जा.’ दोन वर्षं हाच माणूस सांगत होता की भाषा म्हणजे माणूस समजून घेण्याची किल्ली! किल्ली दिली, दार विकून टाकलं.

वर्गातली एक साबणांना नावं सुचवते. एक विमा विकतो. बाकीचे फोन उचलत नाहीत.

८ जुलै, मंगळवार

मिळाली नोकरी!!

बोलणारं यंत्र बनवणारी कंपनी. साहेब म्हणाले, ‘आमचं यंत्र बोलतं झकास. ऐकायला येत नाही त्याला. लोक फोन आपटतात.’ मी प्रबंध पुढे केला. त्यांनी तो चाळला नाही, वाचला. हुंकारावर एवढी पानं वाचणारा हा जगातला दुसरा माणूस. पहिली मी. सरांबद्दल शंका आहे.

वहिनीने मला मिठी मारली. मग म्हणाली, ‘आता माझ्याशी फुकट बोलू नकोस हं.’

१५ जुलै, मंगळवार

काम असं: कानाला हेडफोन, समोर पडद्यावर आवाजाची रेघ. रेकॉर्ड केलेले फोन ऐकायचे. ऐकणाऱ्याने हुंकार दिला तिथे खूण, आणि तो कसला तेही लिहायचं. ‘ऐकतेय’, ‘पटतंय’ की ‘पुरे आता’. गिऱ्हाईक कंपनी कोणती ते आम्हाला सांगत नाहीत.

२४ जुलै, गुरुवार

वहिनी! माझ्या कानात! एक म्हातारा फ्रिजमधल्या औषधांवरून शिव्या घालतोय आणि ती — हं… हं. शेवटी तोच माफी मागतो. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

मग लक्षात आलं. साहेबांना विचारलं, हे कशासाठी? म्हणाले, ‘त्यांचा भार हलका करायला.’

वहिनीला सांगितलं. भाजी चिरता चिरता हसली. ‘म्हणजे माझी नक्कल करणार? करू दे. पाठ तरी दुखायची थांबेल.’

११ ऑगस्ट, सोमवार

शेजारच्या टेबलावरची बाई, याआधी बँकांचे फोन ऐकायची. म्हणाली, ‘भार कसला हलका करतात! माणसंच हलवतात. बँकेच्या फोनवर आता एक माणूस उरलाय का बघ.’

मी दुपारभर चुकीच्या जागी खुणा करायचं ठरवलं. करून पाहिल्या. पाहवेनात. पुसून पुन्हा बरोबर केल्या! घर जळत असताना भिंतीवरची तसबीर सरळ करणारी जात आमची. हेच शिकवलं आम्हाला विद्यापीठाने. नोंद अचूक हवी.

वहिनीला हे सांगायला हवं. सांगितलं नाही. यंत्र चाचणीत पास झालं की मी कायम होणार आहे.

२ सप्टेंबर, मंगळवार

दादाचा फोन आला. वहिनी गॅलरीत जाऊन बोलली, दार लावून. आत आली तेव्हा आईने विचारलं, कधी येतोय? ती थांबली. मग म्हणाली, ‘ठरलं नाही अजून.’

ते थांबणं फार सुंदर होतं. प्रबंधात असं एकही उदाहरण नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

चाचणी पास. लोक फोन आपटत नाहीत. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं, टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या की काय, आठवत नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

तक्रार केंद्र बंद. फोन आता यंत्र घेणार. वहिनीला सकाळी हॉलमध्ये बोलावलं, दुपारी ती घरी.

आई कंपनीच्या सात पिढ्या उद्धरत होती. यंत्राला हं म्हणायला कुणी शिकवलं, तिला माहीत नाही. वहिनीला माहीत आहे. मी म्हटलं, ‘वहिनी, मला वाटलं नव्हतं…’

‘हं.’

‘मी आधी सांगायला हवं होतं…’

‘हं.’

तिसऱ्या प्रकारचा. पुरे आता.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

घरात आवाज फक्त भांड्यांचा. वहिनी माझं ताट वाढते, डबा भरते. बोलत नाही. शिव्या तरी द्याव्यात! भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं. लाज वाटते. लाज वाटते आणि रोज वेळेवर कामावर जाते.

३ नोव्हेंबर, सोमवार

पगारवाढ. आईने शेजारच्या काकूंना हुंकाराचं सांगून टाकलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आता यंत्राने घेतलेले फोन तपासते मी.

आज एक बाई. वीज गेलीये म्हणाली. मागे पंखा चालू होता! खडखड, मग कुर्र, मग पुन्हा खडखड. आमच्या स्वयंपाकघरातला.

वहिनी यंत्राला सांगत होती, ‘हे येणार नाहीत आता. फोनवरच सांगितलं. आता नाही, पुढेही नाही. तिकडेच कुणी आहे. सासूबाईंना कसं सांगू?’

यंत्र म्हणालं, हं.

‘नणंद आहे घरात. जीव आहे माझा तिच्यावर. पण ती ऐकत नाही हो. टिपून घेते.’

यंत्र म्हणालं, हं. अगदी नेमक्या जागी.