आबा, तो दिवा नव्हता

आबा,

गेल्या रविवारी दुपारी बावधनच्या एका सोसायटीत इंटरनेटची वायर टाकून झाल्यावर पार्किंगमध्ये डबा उघडून बसलो होतो, तेव्हा आपला तो पिक्चर फोनवर सापडला. मंगळावर गेलेला बाप आणि घरी वाट बघणारा मुलगा. लोकांनी खाली वाईटच लिहिलं आहे. गावातही तेव्हा तो कुणाला आवडला नव्हता. पाणी कधी सुटणार, कुणाची दशक्रिया कधी, हे तुम्ही गावच्या केबलवर ज्या माइकवरून सांगायचात, त्याच माइकवरून त्या इंग्रजी पिक्चरची गोष्ट मराठीत सांगायचात. लोक फोन करायचे, "ओ केबलवाले, ते डबडं बंद करा, कुस्त्या लावा." तुम्ही माइक चालू ठेवूनच म्हणायचात, "आधी मागल्या म्हयन्याचं भाडं द्या, मंग कुस्त्या." मी तुमच्या खुर्चीशेजारी केबलच्या वेटोळ्यावर बसलेला असतो. शेवटी मुलगा टेकडीवर उभा राहतो, आभाळात मोठा उजेड होतो आणि तुम्ही म्हणता, "आला रं त्याचा बाप. उतरायला जागा दिसावी म्हनून दिवा लावलाय त्यानं."

या वेळी मी तो हिंदीत ऐकला. तो दिवा नव्हता. यान जळत होतं, आणि मुलाला ते कळलं होतं.

मी दहावीच्या पुढे शिकलो नाही, पण कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय सोडत नाही. आधी वाटलं, तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं, चित्रं बघून जुळवलं असेल. तरी खात्री करावी म्हणून आईला विचारलं. ती मेथी निवडत होती. "न कळायला काय झालं? जळतंय ते दिसत न्हाई व्हय? पयल्यांदा खरंच सांगितलं हुतं त्यांनी. तू दोन दिस नीट जेवला न्हाईस. मंग त्यांनी दिवा लावला." वर हसून म्हणाली, "बापाचा लई लाडाचा हुतास."

मला हसू आलं नाही. तेव्हापासून मी तुमचं एकेक वाक्य आठवून तपासतोय. आपलं कुत्रं एक दिवस दिसेना, तेव्हा ते लवळ्याच्या एका मळ्यात दिलंय, तिथं मजेत हाय, असं म्हणाला होतात. खरंच दिलं होतं का? आणि शेवटच्या सकाळी पुण्याला जाणाऱ्या वडापच्या जीपमध्ये बसताना म्हणालात, "तपासणी हाय नुसती. सांच्याला येतो." परत येणं होणार नाही, हे डॉक्टरांनी तुम्हाला आधीच सांगितलं होतं का? कारण तेव्हा तुमचा आवाज माइकवर असायचा तसा होता, गरजेपेक्षा थोडा मोठा.

पिक्चर मला अजूनही सगळ्यांत जास्त आवडतो. फक्त आता आवाज बंद करून बघतो.

आई आत स्वयंपाकघरात आहे. तिला माहीत असणार. विचारलं तर ती हातातलं काम न थांबवता खरं सांगून टाकेल. हे पत्र लिहिताना मी दोनदा उठून तिच्यापर्यंत गेलो, आणि दोन्ही वेळा पाणी मागून परत आलो.