खोल्या रिकाम्या का झाल्या नाहीत

भडगाव,
तुळशीच्या लग्नानंतरचा सोमवार

तीर्थरूप रुपचंद नानांना,

धाकट्या भावाचा, म्हणजे तोतारामचा, दुरूनच वाकून नमस्कार. (पाया पडायला चाळीसगावला यायला हवं होतं, पण समोर उभं राहायची हिंमत नाही. का, ते पुढे येईलच.) तुमचे गुडघे कसे आहेत? वहिनींची साखर? इकडे मंदा ठणठणीत आहे. पुरानंतर तिचा घसा बसला होता, तो आता चांगला सुटलाय आणि माझ्यावरच सुटलाय. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. नाना, फोनवर तुम्ही बोलता आणि मी 'हो नाना' म्हणतो. तिसरा शब्द मी आजवर बोलल्याचं मला आठवत नाही. पत्रात कसं, माणसाला वाक्य पुरं करता येतं.

तर विषय नदीकाठच्या आपल्या दोन खोल्यांचा. गिरणेचा पूर ओसरतो न ओसरतो तोच तुमचा फोन आला, की भूपेंद्र आणि रत्ना या नवरा-बायकोचं भाडं आधीच थकलंय, आता तर ते काय देणार, बँकेतले एक साहेब जास्त भाडं द्यायला तयार आहेत, तेव्हा तुळशीच्या लग्नाच्या आत त्या दोघांना काढ. मी 'हो नाना' म्हटलं. नाना, खोल्या रिकाम्या झालेल्या नाहीत. घोटभर पाणी प्या आणि मग पुढचं वाचा.

मी गेलो नाही असं समजू नका. दुसऱ्याच दिवशी गेलो. भूपेंद्रची शेव-मुरमुऱ्याची लोटगाडी गिरणामायने नेली होती, रत्नाचं शिलाई मशीन गाळात बसलं होतं, म्हणजे दोघांच्याही कमाईवर पाणी. कसं सांगायचं, ते मी वाटभर घोकत गेलो होतो. पण आत बघतो तर गल्लीचं मंडळ! तेच हो, ज्यांच्या ढोलाला तुम्ही दर गणपतीत शिव्या घालता. ती सगळी पोरं गुडघाभर चिखलात उभी राहून आपल्या खोल्या (आपल्याच बरं का, तुमच्या-माझ्या मालकीच्या) खरवडत होती. त्यांचा अध्यक्ष भिकन मंडपवाला. त्याने मला पाहिलं, 'या आबा, बरं झालं आलात,' म्हणाला आणि माझ्या हातात फावडं दिलं. आता हातात फावडं घेऊन 'घर खाली करा' कसं म्हणणार? दुपारपर्यंत गाळ उपसला, कंबर धरली, घरी येऊन पालथा पडलो. मंदाने बाम चोळला आणि चोळता चोळता पुष्कळ ऐकवलं.

पण या पोरांबद्दल दोन शब्द लिहू द्या. पूर आला की ब्लँकेटं वाटणारे पुष्कळ येतात. यंदा इतकी आली की मंदानेही एक घेतलं. (आमच्या घरात पाणी शिरलंच नव्हतं, पण नाही म्हटलं तर देणाऱ्याला वाईट वाटतं, असं तिचं म्हणणं.) भिकनचं डोकं वेगळं. तो म्हणतो, ब्लँकेट पांघरायला आधी छप्पर लागतं, आणि पुरातून वाचलेलं छप्पर पुढे भाडं थकलं की जातं. 'घर शे तं बठ्ठं शे,' घर आहे तर सगळं आहे, हे त्याचं पालुपद. म्हणून यांनी नवरात्रातला डीजे रद्द केला आणि ती वर्गणी भाड्याकडे वळवली. बुडालेल्या घरांचं थोडं भाडं मंडळ स्वतः मालकाच्या हातात नेऊन देतं, आणि उरलेलं ज्याचं त्याला फेडता यावं म्हणून त्याचा धंदा उभा करून देतं. भूपेंद्रला मंडपाच्या जुन्या फळ्यांची नवी गाडी करून दिली. (तिच्यावर अजून 'शुभविवाह' लिहिलेलं आहे. गिऱ्हाईक हसतं आणि शेव घेतं.) रत्नाचं मशीन खोलून, धुऊन, तेल घालून चालतं केलं. आणि भिकनच्या स्वतःच्या गोदामातल्या सतरंज्या अजून वाळतायत नाना! पठ्ठ्याने स्वतःसाठी मंडळाकडून सुतळीचा तोडासुद्धा घेतला नाही. खरंच सांगतो, माझा ऊर भरून आला.

तरीपण तुमचा हुकूम तो हुकूम. दिवाळी आटोपल्यावर मी काळी टोपी घातली, चेहरा आपल्या वडिलांसारखा केला आणि पुन्हा निघालो. बघतो तर खोल्यांसमोर मंडप! म्हटलं, कुणाचा साखरपुडा दिसतो, उद्या येऊ. मागे वळणार तेवढ्यात माईकवरून भिकन ओरडला, 'आबा आले, आबा आले!' मला दंडाला धरून नवरदेवाच्या लाल खुर्चीत बसवलं. अंगावर शाल, हातात नारळ, टोपीवरच फेटा. मागे फ्लेक्सवर माझं भलंमोठं तोंड आणि खाली 'पुरात भाडेकरूला न काढणारे दिलदार घरमालक'. नाना, मी काढायलाच आलो होतो हो! फोटो कुणी दिला म्हणून विचारलं, तर मंदाने. 'आबा, तुम्हनं मन मोठं शे,' असं भिकन सगळ्या गल्लीसमोर म्हणाला आणि बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

मग माईक माझ्या हातात आला. सुटायला मला एकच वाट दिसली, ती म्हणजे तुमचं नाव. (अडचणीत तुमचं नाव पुढे करायची माझी सवय तुम्हाला ठाऊक आहेच.) मी म्हणालो, मंडळी, हे घर माझ्या एकट्याचं नाही, मोठे भाऊ चाळीसगावला असतात, शेवटचा शब्द त्यांचा. वाटलं, आता तरी गप्प बसतील. तर भिकन म्हणतो, 'मग नानांचा बी सत्कार झालाच पायजे!' पुन्हा टाळ्या. त्या टाळ्यांत फक्त रत्नाचे हात थांबले होते. ती माझ्याकडे बघत होती. मी कशाला आलोय ते त्या पोरीने केव्हाच ओळखलं होतं, आणि तरी ती नुसती पदर घट्ट धरून बसली होती. नाना, मला काय झालं कुणास ठाऊक, तोंडातून निघून गेलं, 'राहा पोरी, कुठे जाऊ नको.' माईक चालू होता. सगळ्या गल्लीने ऐकलं. मंदाने घरात ऐकलं आणि त्या संध्याकाळी न मागता भरीत केलं, वर कळण्याची भाकरी.

झालं ते असं. तुमचा शब्द मी कधी मोडला नाही आणि याही वेळी शेवटचा शब्द तुमचाच. वहिनींना नमस्कार सांगा. रागावलात तर जेवण झाल्यावर रागवा, उपाशीपोटी पित्त चढतं.

तुमचा,
(दिलदार, पण नाइलाजाने)
तोताराम

ता. क. बँकेच्या साहेबांची काळजी करू नका. मंडळाने त्यांना स्टँडजवळ चांगली जागा बघून दिली. आता तेही मंडळाला वर्गणी देतात.

ता. ता. क. हे पत्र पोस्टाने आलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. ज्याने तुमच्या हातात दिलं तो भिकन. त्याच्या पिशवीत शाल आणि नारळ आहे. मागे टेम्पोतून निम्मी गल्ली उतरत असेल. वहिनींना सगळं आधीच ठाऊक आहे, चहाचं आधण त्यांनी केव्हाच ठेवलं असेल. आणि सगळ्यांच्या मागे, दाराबाहेर चप्पल काढून आत येऊ की नको असा विचार करत जी उभी आहे, ती रत्ना. तिला काढायचं असेल तर आता तोंडावर सांगा. मला जमलं नाही. बघा, तुम्हाला जमतं का.