आप्पांचा स्क्रीन लागला आहे

सौरव,

आप्पांच्या खोलीतला स्क्रीन आता चालू आहे. सकाळी नवीन राउटर जोडताना तू हॉलमधल्या कॉम्प्युटरचं नावच बदललंस आणि इंटरव्ह्यूला निघून गेलास. आप्पांचा लिहून बोलायचा प्रोग्रॅम त्या कॉम्प्युटरवर चालतो, दिसतो मात्र त्यांच्या स्क्रीनवर. स्क्रीननं परवानगी दिलेली जुन्या नावाला. त्यामुळे 'डिस्प्ले सर्व्हरशी जोडणी होत नाही' एवढंच येत राहिलं. मी वायर बदलली, कॉम्प्युटर आणि स्क्रीन दोन्ही बंद करून चालू केले, काही उपयोग न्हाय. शेवटी सेटिंगमध्ये तू दिलेलं नवं नाव दिसलं. जुनं घालून, लॉगआउट करून परत आत गेले, तेव्हा प्रोग्रॅम उघडला. इंटरनेट चालू आहे. आता नावाला हात लावू नको रं.

लकवा मारल्यापासून त्यांना बोलायला तेवढंच आहे. दुपारपर्यंत हातवारे करत होते आणि मला काही कळेना. पाणी पाहिजे का विचारलं, चहा विचारला, कूस बदलू का विचारलं. शेवटी चिडून त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

स्क्रीन लागल्यावर एका बोटानं लिहिलं, "सौरवचा इंटरव्ह्यू झाला काय?"

मी म्हटलं, मला म्हाईत न्हाय. दिवाळीपासून तू आणि आप्पा एकमेकांशी बोलत नाही, त्यात मी पडणार नाही.

शाळेच्या मीटिंगला खानापूरला चालले आहे. भाकरी डब्यात आहे. आप्पा जागे आहेत आणि त्यांचा प्रश्न स्क्रीनवर तसाच आहे. उत्तर तू दे.

आक्का