ताफेलपोत आणि अकरा सायकली

मंगळवार, ३ सप्टेंबर. सकाळी सात.
एक कोडे. सर्वांच्या कानांवर रोज पडते, विचारत मात्र कुणीच नाही. डच भाषेत 'ताफेल' म्हणजे टेबल. 'पोत' म्हणजे पाय. दोन्ही शब्द एकेकटे उच्चारले की ठणठणीत वाजतात. त्यांना जोडून 'ताफेलपोत' म्हटले की 'ता' कडाडतो आणि 'पोत' खाली मान घालतो. का?
आजपासून मेपेल गावच्या वाचनालयात, दर मंगळवारी संध्याकाळी, परदेशातून आलेल्यांसाठी माझा डच भाषेचा वर्ग. एकतीस वर्षे शाळेत शिकवल्यानंतर हे मला अवघड नाही. संकल्प: २६ नोव्हेंबरपर्यंत सर्वांना कोणताही जोडशब्द दिसताक्षणी फोडता आणि ठोकता आला पाहिजे. त्या दिवशी मी एकोणसत्तर वर्षांचा होईन. तीच माझी भेट.

तोच दिवस. रात्री आठ.
अकरा जण! वाचनालयाचा व्यवस्थापक खेरब्रांत म्हणाला, पाचाच्या खाली गेलात तर खोली विणकामवाल्यांना देईन हं. मी हसलो.
टेस्फालेम नावाचा एरिट्रियाचा तरुण बेकरीत काम करतो. त्याची तोंडी परीक्षा २० नोव्हेंबरला. म्हणाला, मास्तर, गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं तेवढं शिकवा. मी म्हणालो, आधी पाया.

मंगळवार, १० सप्टेंबर.
पाया घातला. नियम पहिला: अर्थाची सत्ता उजव्या शब्दाकडे. टेबलाचा पाय हा पायाचा प्रकार आहे, टेबलाचा नव्हे. नियम दुसरा: आवाजाची सत्ता डाव्याकडे. मुख्य जोर पहिल्या शब्दावर, दुसऱ्यावर केवळ त्याची सावली. दीड तास टेबल ठोकून दाखवले. खोलीत कमालीची शांतता होती. तल्लीनता.
ती शांतता हिलेखीनने मोडली. ही माझी भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. इथे स्वेच्छेने कॉफी करायला येते. बिस्किटांचा डबा फिरवला, प्रत्येकी एक, झाकण बंद, इथपर्यंत रीतसर. मग खुर्ची ओढून बसली आणि टेस्फालेमला विचारू लागली, काय रे, तुझ्या बेकरीत पहाटे ओव्हन कोण लावतं? वीस मिनिटे ओव्हन! किळस आली.
उपस्थिती नऊ. दोघांना सर्दी असावी.

मंगळवार, २४ सप्टेंबर.
विषय: अक्षरे कुठे तोडावीत. 'आवंत' म्हणजे संध्याकाळ, 'एतन' म्हणजे खाणे. जोडले की आळशी जीभ 'आ-वं-तेतन' असे काहीतरी लडबडते. तोडायचे सांध्यावरच: आ-वंत-ए-तन. खाटीक सुरी सांध्यात घालतो, हाडावर नव्हे, तसे. उदाहरण मलाच फार आवडले.
प्रत्यक्ष खाटकाने मात्र शिसारी आणली. दुकानाच्या पाटीवर यकृताचे सॉसेज दोन शब्दांत लिहिलेले. यकृत इकडे, सॉसेज तिकडे, मध्ये बोट जाईल एवढी फट. आत जाऊन ती फट समजावून सांगितली. तो म्हणाला, हो हो, किती ग्रॅम देऊ?
दोनशे घेतले. घशाखाली उतरेना.
उपस्थिती सात. संख्या कमी होते तेव्हा दर्जा वाढतो.

मंगळवार, ८ ऑक्टोबर.
आज अपवाद. 'स्तातहौस', नगरपालिकेची इमारत. 'स्तात' म्हणजे शहर, 'हौस' म्हणजे घर, पण जोर दुसऱ्यावर! टेस्फालेम म्हणाला, मास्तर, तुम्हीच म्हणालात ना जोर पहिल्यावर? मी म्हणालो, हो. तो म्हणाला, मग नगरपालिका नियम पाळत नाही का? सगळे हसले. मला हा शब्द प्रथमपासूनच आवडत नाही. अपवादांची यादी वाटली, चार पाने.
मग माझी खास युक्ती. वाढदिवसांची दिनदर्शिका विकत नेली. वार नसतात, नुसत्या तारखा, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चालते. एखाद्याचे नाव तिच्यावर नसेल तर त्याचा वाढदिवस कुणाच्या ध्यानात राहणार? सर्वांनी आपापले नाव लिहिले. टेस्फालेमने ११ जानेवारी लिहिताना महिन्याला इंग्रजीसारखे मोठे अक्षर वापरले. लाल पेन्सिलीने दुरुस्त केले. मुखपृष्ठावरचे नाव मी स्वतः फोडून दाखवले: फर-यार-दाख्स-का-लेन-दर. सहा अक्षरे, मुख्य जोर 'यार'वर, सावली 'लेन'वर, आणि मधला 'स' निव्वळ डिंक. त्या 'स'भोवती इतका रमलो की वाचनालय बंद करायची वेळ झाली. दिनदर्शिका इथल्या रीतीप्रमाणे वाचनालयाच्या संडासात टांगली. माणूस रोज निवांत दुसरीकडे कुठे बघतो?
उपस्थिती सहा.

मंगळवार, २९ ऑक्टोबर.
दिनदर्शिका चोरीला गेली! संडासातून! या देशाचे काय होणार?
उपस्थिती चार. खेरब्रांत दारातून बोटांनी मोजून गेला. हिलेखीनने कॉफीचे काम सोडले. म्हणाली, मंगळवारी मला जमत नाही रे, रैंदर. कारण विचारले तर म्हणाली, माणसं येतात.
घरी आलो तो तिच्या दारात अकरा सायकली. भिंतीतून हसणे ऐकू येत होते. सायकली दुरुस्त करायचा उद्योग सुरू केला असावा, आणि टीव्ही मोठा लावून. या वयात. किळसवाणे.

मंगळवार, १२ नोव्हेंबर.
एकटा टेस्फालेम, तोही कोट न काढता. म्हणाला, मास्तर, राग मानू नका, आता मी नुसतं बोलायचा सराव करतो. कुठे, ते सांगितले नाही. माणूस लाजतो. त्याला माझी चौदा पानी टिपणे दिली. त्याने ती फार जपून घडी करून खिशात घातली. डोळ्यांत कृतज्ञता होती, किंवा बाहेरच्या वाऱ्याचे पाणी.

मंगळवार, १९ नोव्हेंबर.
कुणी नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी विश्रांती घ्यावी हा माझाच सल्ला. दिला नव्हता, पण पोहोचला असणार.
खेरब्रांत मोजपट्टी घेऊन आला. पुढच्या मंगळवारपासून विणकाम. त्याला मधल्या 'स'बद्दल सांगितले. तो लोकर ठेवायच्या कपाटाची रुंदी मोजत राहिला.

गुरुवार, २१ नोव्हेंबर.
टेस्फालेम सायकलवरून ओरडला, छान झाली, मास्तर! ब्रेड संपलाय हे गिऱ्हाइकाला कसं सांगाल, असं विचारलं! माझ्या पद्धतीचा विजय.

मंगळवार, २६ नोव्हेंबर. दुपारी तीन.
बारा जणांचा सफरचंदाचा केक. ज्याचा वाढदिवस त्यानेच खाऊ घालायचे, त्यात मी कसूर करणार नाही. वाचनालय नाही तर घरी. बारा खुर्च्या गोल मांडल्या, चार शाळेतून मागून आणल्या. आमंत्रण दिलेले नाही. तारीख माहीत असणाऱ्याला आमंत्रण कशाला?

संध्याकाळी सहा.
रेल्वेचा गोंधळ असणार.

साडेसात.
कॉफी गार. भिंतीपलीकडे हसणे. शांततेचा भंग होतो आहे हे बजावायला जातो. केक बरोबर नेतो, नाहीतर खराब होईल.

बुधवार, २७ नोव्हेंबर.
नोंद पूर्ण केली पाहिजे.
हिलेखीनने दार उघडले आणि म्हणाली, अगं बाई, रैंदर! वेळ न ठरवता? ताप आहे का तुला? आत अकराही जण, गोल बसलेले. टेस्फालेम म्हणाला, या या, मास्तर, आज मी गिऱ्हाईक आणि ह्या बेकरीवाल्या. उद्धटपणे विकतात हो! हिलेखीनने विचारले, केक कशाचा? मी म्हणालो, सफरचंदाचा. ती म्हणाली, तसं नव्हे, कशाबद्दल? मी म्हणालो, उरला होता. तिने अख्ख्या केककडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि सुरी आणायला गेली.
आवाजाबद्दल बोलायचे राहिले. मी संडासात गेलो.
समोर माझीच दिनदर्शिका. चोर सापडला! मुखपृष्ठावर माझ्या लाल रेघा, 'स'भोवती माझे वर्तुळ. पाने उलटली. ११ जानेवारी, टेस्फालेम. ९ मे, हिलेखीन. अकराही नावे, शिवाय त्यांच्या मुलांची, एका आजीची, बेकरीच्या मालकाची. नोव्हेंबर. २६. कोरे.
कुणी खोडलेले नव्हते. मी लिहिलेच नव्हते. त्या संध्याकाळी मी 'स' समजावून देत होतो.
बाहेरून टेस्फालेम म्हणाला, मास्तर, आत कुणाला शिकवताय? केक संपतोय, तुमच्यासाठी एक तुकडा राखून ठेवलाय!
खिशात लाल पेन्सिल होती. लिहिले: रैंदर. दोन अक्षरे, जोर पहिल्यावर.
जोडशब्दांची चाचणी पुन्हा केव्हातरी. ही त्याहून सोपी आहे. शेजारी जावे. संडासाचे दार लावून घ्यावे. आपल्या महिन्याचे पान काढून आपल्या तारखेवर बोट ठेवावे आणि बोटाखाली काय आहे ते पाहावे.
पेन्सिल बरोबर न्यावी.